दुपारची मोजणी

गादीचा कोपरा उचलून तिनं हात आत घातला, तेव्हा बाहेरच्या खोलीत कैदी रांगेत उभे होते आणि पहारेकरी त्यांना मोजत होता. सिनेमातल्या त्या मोजणीला नेमकी अडीच मिनिटं लागतात, हे तिला पाठ झालं होतं. तेवढ्या वेळात मास्तर खुर्चीतून हलत नसत.

हाताला आधी खडूचा तुकडा लागला. मग निळ्या दोऱ्याचं रीळ. मग घडी घातलेला कागद. त्यावर पेन्सिलीनं, थरथरत्या पण नेटक्या अक्षरात, वेळा लिहिल्या होत्या. आठ दहा. नऊ पंधरा. बारा चाळीस. एक. एकच्या पुढं ठळक फुली होती.

आठ दहाला नवरा कारखान्याला जायला निघतो. एकला त्याचा फोन येतो. मधल्या दोन वेळा कशाच्या, ते काही केल्या तिच्या ध्यानात येईना.

"सूनबाई," बाहेरून हाक आली. "मोजणी संपत आली. ये लवकर, बोगदा चुकेल."

तिनं कागद होता त्याच घडीवर दुमडला, परत सरकवला, चादर ताणली आणि कमरेला बांधलेली किल्ली चाचपून बाहेर आली. मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आधी खांद्यांकडे, मग हळूच कमरेकडे, आणि पुन्हा पडद्याकडे. गेला महिनाभर ते असंच बघत होते. एक डोळा बारीक करून, चोरून. त्यांची नजर किल्लीवर आहे, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. दोन वर्षांपूर्वी, डोक्यातल्या गोष्टी एकेक करून उसवायला लागल्या तेव्हा, ते एका सकाळी दार उघडून निघून गेले. सात तासांनी सापडले, गावाच्या दुसऱ्या टोकाला, कधीच बंद पडलेल्या आपल्या दुकानाच्या पायरीवर, अनवाणी. वाटेत कुठंतरी डावा घोटा मोडून घेतला होता. तो काही धड जुळला नाही. आणि त्या रात्री नवरा जेवणावरून उठता उठता म्हणाला होता, "पुन्हा एकदा असं झालं ना, तर मी त्यांना वृद्धनिवासात ठेवणार. माझ्यानं हे होत नाही." तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. निवासाचा अर्ज भरून कपाटात ठेवलेला होता. सहीची जागा तेवढी कोरी होती.

मग दाराला कुलूप आलं, कुलपाची किल्ली तिच्या कमरेला आली, आणि नकाशांच्या कचेरीतली तिची खुर्ची रिकामी झाली. ती तिथं नकाशे काढायची. नद्या, रस्ते, टेकड्यांच्या रेषा. आता तिचा नकाशा दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंतचा.

पडद्यावर बोगदा खणणं सुरू झालं होतं. हा सिनेमा मास्तर रोज बघत. खणात त्याच जातीचे आणखी सातआठ होते. सगळे युद्धाचे, सगळे छावणीत अडकलेल्या सैनिकांचे, आणि सगळ्यांत पळून जायचा बेत. युद्ध कुठलं, सैनिक कुणाचे, याच्याशी मास्तरांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता छावणीतल्या लंगड्या शिंप्यात. घोंगड्या कापून तो सगळ्यांसाठी साधे कपडे शिवायचा.

"बघ ती कॉलर," मास्तर म्हणाले. "घोंगडीला असा पीळ बसतो होय? ह्याला माझ्या दुकानात काजं करायलासुद्धा बसवला नसता."

"कैदेत शिवलाय, बाबा. सुई तरी होती का त्याच्याकडे?"

"सुई नसेल. डोळे तर होते?"

ती हसली. आणि हसता हसता तिला वाटलं, हा माणूस मला हसवून गाफील करतोय.

संशय एकदा घरात शिरला की तो प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून बघतो. तिचंही तसंच झालं होतं. आधी कपाटातून तिचा कचेरीतला निळा कोट गेला. मग खणातलं तिचं ओळखपत्र. मग बिस्किटांचा अर्धा पुडा. आणि गेल्या आठवड्यात कपाटाच्या तळच्या कागदाखाली दडवलेलं एक पत्र, ज्याबद्दल तिनं नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. कोट, ओळखपत्र, शिदोरी, वेळांचा कागद. सिनेमातले कैदी निघायच्या आधी हेच तर जमवत होते. पत्राचं कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. आपली ओळख विसरलेला माणूस दुसऱ्याच्या ओळखपत्रावर कुठं निघाला असेल?

नवऱ्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अर्जावर सही झाली असती. म्हणून ती गप्प होती. रोज एकला फोन वाजायचा.

"आहेत ना?"

"आहेत."

"तू?"

"मी कुठं जाणार?"

एवढंच. मग फोन ठेवायचा.

बुधवारी तिनं एक गोष्ट केली. किल्ली मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि भांडी घासायला गेली. नळ वाहत होता आणि ती पाठीनं ऐकत होती. खुर्ची सरकली. लंगडा पाय घासत टेबलापर्यंत आला. थांबला. हातातलं पातेलं तसंच धरून ती उभी राहिली, आणि त्या उभ्या क्षणात तिच्या मनात येऊन गेलं, जाऊ देत. एकदाचे जाऊ देत. मग सही होईल, आणि सही मी केलेली नसेल.

पाय स्वैपाकघराच्या दारापर्यंत आला.

"ही पडली होती," मास्तर म्हणाले. तळहातावर किल्ली होती. आवाज खाली आणून त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "लपव. पहारेकऱ्याच्या नजरेस पडायला नको. वेळ व्हायचीय अजून."

तिनं ओल्या हातानं किल्ली घेतली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. लाज वाटली तीही त्यांच्यापेक्षा स्वतःचीच. पण लाजेनं संशय काही जात नाही. वेळ व्हायचीय, म्हणजे दिवस ठरलाय.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की एकच पालुपद लावायच्या. "अगं, तासभर मी बसेन की मास्तरांजवळ. मला काय, इथं विणायचं ते तिथं विणेन."

"नको काकू. त्यांचं काही सांगता येत नाही."

"त्यांचं की तुझं?" काकू म्हणायच्या आणि सुयांचा आवाज करत निघून जायच्या.

शुक्रवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मास्तरांनी सिनेमाचा आवाज मोठा केला.

ती कपडे वाळत घालत होती. छावणीतले कैदी गाऊ लागले होते. खाली खणण्याचा आवाज वर ऐकू जाऊ नये म्हणून वरच्यांनी गायचं, अशी त्यांची युक्ती. इतक्या वेळा बघितलेलं गाणं, पण आज त्याला एक वेगळा ठेका लागत होता. टकटकटक. थांबला. पुन्हा टकटकटक. तिनं हातातला टॉवेल दोरीवर तसाच टाकला. बाहेरच्या खोलीत खुर्ची रिकामी होती. पडद्यावरची माणसं कुणासाठीच गात नव्हती. दाराचं कुलूप जागच्या जागी होतं.

आवाज मास्तरांच्या खोलीतून येत होता. तिनं दार ढकललं.

हाताचं जुनं मशीन खिडकीशी ओढलेलं होतं. त्यावर निळा कोट पसरला होता आणि मास्तर त्यावर वाकले होते, दोरा दातांत धरून. तिला बघून दचकले नाहीत. दोरा तोडला, सुई उशीच्या अभ्र्यात टोचली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "दार लाव. आवाज बाहेर जातो."

तिनं दार लावलं. पलंगाच्या काठावर बसली. किती दिवस घोकलेलं वाक्य एकदाचं तोंडातून निघालं.

"कुठं जायचंय तुम्हाला, बाबा?"

"मला?" मास्तरांना खरंच नवल वाटलं. त्यांनी डावा पाय पुढं केला आणि वाकड्या घोट्याकडे बोट दाखवलं. "हा घेऊन? मी मागं राहणारा माणूस. ते आधीच ठरलंय."

"मग कोण जाणार आहे?"

त्यांनी कोट उचलला, झटकला, आणि दोन्ही खांद्यांना धरून तिच्या पाठीमागं उघडा धरला. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांसाठी धरला असेल तसाच.

"ऊठ. हात घाल."

तिला नाही म्हणता आलं नाही. मागच्या वर्षी तिनं हा कोट एकदा घालून पाहिला होता. बटण काजापर्यंत पोचलंच नव्हतं. घरात बसून बसून अंग सुटलं होतं. तेव्हा तिनं तो टांगून टाकला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

आता बाही सरळ गेली. खांदे बसले. मास्तरांनी तिला फिरवून उजेडाकडं केलं, एक डोळा बारीक केला आणि कमरेकडं पाहिलं. तीच ती महिन्याभराची नजर. तिनं हात खाली नेला. दोन्ही बाजूंना आत दाबलेलं कापड सोडवून दोन-दोन बोटं जागा केली होती, आणि नवी शिवण इतकी बारीक होती की बोटाला मुश्किलीनं लागत होती.

"टेप तरी लावायची होती, बाबा," ती म्हणाली.

"टेप लावली की माणूस पोट आत घेतो. खोटं माप मिळतं."

"मी कोण आहे, सांगा बरं?"

मास्तरांनी बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काही सापडेना तेव्हा त्यांची नजर पुन्हा खांद्यांवर आली आणि तिथं स्थिरावली.

"नावं राहत नाहीत डोक्यात. मापं राहतात," ते म्हणाले. "आत आलीस तेव्हा सडपातळ होतीस."

उजव्या खिशात तिचं ओळखपत्र होतं. डाव्या खिशात कागदात गुंडाळलेली चार बिस्किटं, टोक केलेली पेन्सिल आणि कचेरीचं ते पत्र. महिनाअखेरपर्यंत रुजू न झाल्यास जागा भरण्यात येईल, या ओळीखाली खडूनं रेघ ओढली होती. मास्तरांनी गादीखालून वेळांचा कागद काढला आणि तोही वरच्या खिशात सरकवला. तेव्हा तिला ते आकडे एकदम ओळखीचे वाटले. नऊ पंधरा. बारा चाळीस. कोपऱ्यावरून नकाशांच्या कचेरीकडे जाणाऱ्या बसेस. दोन वर्षं ती नऊ पंधरा पकडत नव्हती, पण खिडकीत बसलेलं कुणीतरी रोज ती सुटताना बघत होतं.

"बारा चाळीसची गेली आज," मास्तर म्हणाले. "काज नीट बसेना. पुढची एक दहाला आहे."

"एकला फोन येईल, बाबा."

"मोजणी माझ्याकडे." त्यांनी दार उघडलं आणि पडद्याच्या दिशेनं मान हलवली. तिथं आता पहाट झाली होती आणि लंगडा शिंपी रांगेच्या एका टोकाला मोजून झाल्यावर वाकून दुसऱ्या टोकाला निघाला होता, पळालेल्याच्या जागी दुसऱ्यांदा मोजून घ्यायला. "तू मागं वळून बघू नको. वळलं की पकडतात."

तिनं कुलूप काढलं. किल्ली हातात घेऊन उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली. मग दार नुसतंच लोटून घेतलं आणि जिना उतरून काकूंच्या दारावर बोटांनी वाजवलं.

काकूंनी दार उघडलं, कोट पाहिला, आणि जे विचारायचं होतं ते गिळून टाकलं.

"तासभर बसाल का वर?"

"तासभरच?" काकू म्हणाल्या. त्यांनी किल्ली तिच्या हातातून घेतली, लोकरीची पिशवी काखेत मारली आणि चपलांत पाय घालत वर निघाल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

तिचा पाय आपोआप वरच्या पायरीवर गेला. काकू मधल्या वळणावर थांबल्या. दुसरी घंटा. तिसरी. मग लंगडं पाऊल, आणि लोटलेल्या दाराच्या फटीतून मास्तरांचा आवाज, दुकानात गिऱ्हाइकाला शिलाईचा वायदा देताना असायचा तसा, खणखणीत.

"आहोत." जरा थांबून, पलीकडचं ऐकून घेऊन, "ती? आंघोळीला गेलीय. हो. दोन होतो, दोन आहोत."

फोन ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ सिनेमाचं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लागलं, आधीपेक्षा मोठं.

तिचा हात सवयीनं कमरेला गेला. तिथं किल्ली नव्हती. तिनं पाय खालच्या पायरीवर आणला आणि कोटाचं मधलं बटण लावलं. ते लागलं.