काकूंच्या उंचीचा पट्टा

मी एक जुनी मोजफीत आहे. डोंगरउतारावर एक जंगल आहे आणि त्याला लागून एक घर. त्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर माझी जागा आहे. माझे सुरुवातीचे आकडे पुसट झाले आहेत. झाडांचा चीक लागून मी जागोजागी कडक झाले आहे. पण मित्रांनो, मी अजून खोटं मोजत नाही.

एका कारखान्यात कापडावर लेप देऊन मला बनवलं. माझ्या बऱ्याच बहिणी शिंप्यांकडे गेल्या. त्यांना माणसांच्या कमरा मोजायला मिळाल्या, माझ्या वाट्याला झाडांच्या आल्या. सुरुवातीला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की मोजताना झाडं पोट आत ओढून घेत नाहीत. तेव्हा बरं वाटलं.

मला विकत घेतलं काका आणि काकूंनी. जंगल काकांना वडिलांकडून मिळालेलं होतं. पूर्वी घरात अडचण आली की वखारवाल्याला बोलवायचे. तो सरळ आणि जाड झाडं निवडून न्यायचा, वाकडी आणि किडकी मागे राहायची. मग आसपासच्या जंगलमालकांनी मिळून एक संघ काढला. संघाच्या माणसाने सगळ्यांना समजावून सांगितलं. झाड हवेतला कार्बन ओढून लाकडात साठवतं. दाटीतली कमजोर झाडं तेवढी काढली आणि चांगली वाढू दिली, तर जंगलात जास्त कार्बन साठतो. त्या वाढीबद्दल मालकाला कार्बन क्रेडिट मिळतात आणि धूर सोडणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात. पण झाडं वाढली हे नुसतं सांगून चालत नाही. ठरलेल्या वेळी ती मोजून दाखवावी लागतात. तिथे माझं काम सुरू झालं.

“झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा,” असं तो माणूस म्हणाला होता. कुणाची छाती, हे त्याने सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. काका ताडमाड, काकू ठेंगण्या. मोजणार होत्या काकू, म्हणून छाती काकूंची धरली. दरवेळी त्याच जागी मोजता यावं म्हणून त्यांनी प्रत्येक झाडावर पिवळा पट्टा मारला. त्या मोजायच्या, काका लिहून घ्यायचे.

“अहो, हे झाड तुमच्यावर गेलंय. उंची थांबली, घेर चाललाय.”

“मग काढायचं का?”

“काढा की. आधी तुम्हाला काढते घराबाहेर, मग त्याला.”

काका हसायचे आणि आकडा चुकवायचे. मग पुन्हा मोजणी. एखादं बारकं झाड तोडायला काका निघाले की काकू आडव्या यायच्या. “राहू द्या हो त्याला. सावलीत अडकलंय बिचारं. शेजारचं काढा, मग बघा कसं उठतं.” बहुतेक वेळा ते उठायचं. संघातले लोक हे जंगल बघायला यायचे, तेव्हा काकूंच्या खांद्यावर मी ऐटीत बसलेली असायचे.

मग काकू आजारी पडल्या. खिडकीतून जंगल दिसावं म्हणून काकांनी त्यांचा पलंग फिरवून ठेवला. एका सकाळी तो पलंग रिकामा झाला.

त्यानंतर मी खिळ्यावरच राहिले. काका जंगलात जाईनात. वादळात पडलेली झाडं आडवीच राहिली. वाळक्या फांद्यांचे ढीग साठले, एका ठिणगीत सगळं पेटेल असे. वखारवाला येऊन स्वयंपाकघरात बसला.

“दादा, एकट्याने काय करणार तुम्ही? सगळं एकदम देऊन टाका. मी साफ करून देतो.”

काका हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. दारामागे मला फार भीती वाटली.

मोजणीची मुदत संपत आली, तेव्हा काकांची मुलगी शहरातून आली. तिच्याबरोबर संघाच्या तपासनीस बाई होत्या. त्यांनी आपली खुणेची काठी झाडाला लावली आणि त्या थबकल्या.

“काका, हा पट्टा कुणी मारला?”

“आमच्या हिने.”

“वीतभर खाली आहे हो. छातीची उंची म्हणजे ठरलेली उंची असते, सगळीकडे सारखी. खाली खोड जाड असतं, म्हणजे तुमचे सगळे आकडे जास्त लागलेत.”

“मग आता?” मुलीने विचारलं.

“सगळी झाडं योग्य उंचीवर पुन्हा मोजायची. आणि हे पट्टे खरवडून काढायचे. दोन खुणा राहिल्या तर पुढचा मोजणारा पुन्हा चुकेल. हे झालं नाही तर जंगल योजनेतून बाहेर जाईल.”

“जाऊ दे बाहेर,” काका म्हणाले. “पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही.”

“बाबा, जंगल बाहेर गेलं की वखारवाला आत येईल. तो ठेवणार आहे का पट्टे?”

काका पट्ट्यासमोर आडवे उभे राहिले.

“आईला पट्ट्यांचं काय कौतुक होतं? तिला झाडं उभी राहायला हवी होती.”

दुसऱ्या दिवशी काकांनी मला खिळ्यावरून काढलं. संघ माणसं द्यायला तयार होता. काकांनी नको म्हटलं. मुलगी आठवडाभर राहिली, पण खरवडायचा ब्रश काकांनी तिच्याही हातात दिला नाही. प्रत्येक झाडाशी ते आधी पिवळ्या पट्ट्यावर तळहात ठेवायचे आणि जरा वेळ तसेच उभे राहायचे. मग तारेचा ब्रश चालवायचे. रंग आणि साल भुरभुर खाली पडायची. वर पांढरा पट्टा मारून झाला की मला त्यावरून खोडाभोवती गुंडाळायचे. झाडं वाढली होती, तरी आकडे कमी भरले. काकूंनी इतक्या हौसेने वाढवलेलं जंगल कागदावर बारीक झालं. काकांनी आकडे होते तसे लिहिले. संघाने ते मान्य केले आणि जंगल योजनेत राहिलं. वखारवाला पुन्हा आला, तेव्हा काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

मुलगी आपल्या कामावर परत गेली. आता पुढची मोजणी आली आहे आणि जाड झाडं मोजायची राहिली आहेत. त्यांच्याभोवती एका माणसाचे हात पुरत नाहीत. काका माझं एक टोक धरतात, गाल सालीला टेकवतात आणि पलीकडे दुसरं टोक चाचपत राहतात. ते हाताला लागत नाही. मी खाली पडते. ते वाकून मला उचलतात आणि पुन्हा मिठी मारतात.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या खुणा जपाव्याशा वाटतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्याचं अर्धं राहिलेलं काम जपायला जास्त बळ लागतं, आणि ते बळ एकट्याकडे नेहमी नसतं. म्हणून कधी झाडाला मिठी मारून उभा असलेला म्हातारा माणूस दिसला, तर हसू नका. झाडाच्या पलीकडे जा आणि माझं दुसरं टोक धरा.