तसदीबद्दल माफ करा

आमच्या दादाने शेजारच्या शिंप्याच्या डोक्यात इस्त्री घातली. मग आग लागू नये म्हणून इस्त्रीचा प्लग काढला आणि रक्तबंबाळ शिंप्याला म्हणाला, "तसदीबद्दल माफ करा. मला जरा काम आहे, येतो." घरी येऊन तो अर्धवट राहिलेली पुस्तकं शिवायला बसला. दादा घरीच पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा. पोलीस आले तेव्हा त्याने त्यांना पाणी विचारलं.

शिंपी वाचला. डोक्याला टाके पडले, एक कान कामातून गेला, पण वाचला. दादावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला. आमच्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मार्ग एकच आहे. मनाच्या आजारामुळे त्या वेळी त्याला आपण करतोय ते चूक आहे हे कळतच नव्हतं, असं सिद्ध करायचं. झालं तर इस्पितळ, नाही तर तुरुंग. तुरुंगात दादा टिकला नसता. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा तो वास घेऊन प्यायचा.

"आजाराचे पुरावे आणा," वकील म्हणाले. "डॉक्टरांची चिठ्ठी, औषधं, शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष. काहीही चालेल."

पुरावा राहू नये म्हणून तर आईने आणि मी सगळं आयुष्य खर्ची घातलं होतं.

दादाला बरं नाही हे आम्हाला माहीत होतं. शिंप्याचं मशीन सुरू झालं की तो कान झाकायचा. शिंपी त्याचे विचार कपड्यांत शिवतो आणि लोक ते अंगात घालून गावभर हिंडतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. रस्त्यात कुणाचा नवा सदरा दिसला की दादा घामाघूम व्हायचा. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं तत्त्व. घरात वेडा आहे असं कळलं तर मुलीला कोण करणार? ती मुलगी म्हणजे मी. म्हणून आईने घराचे दोन भाग पाडले. आतल्या खोलीत दादाने हवं ते बोलावं. बाहेरच्या खोलीत मात्र चारच वाक्यं: "नमस्कार. मी मजेत. तुम्ही कसे आहात? तसदीबद्दल माफ करा, मला जरा काम आहे, येतो." एवढं म्हणायचं आणि आत निघून यायचं. रोज संध्याकाळी आई त्याच्याकडून ही वाक्यं घोकून घ्यायची. चुकला तर पहिल्यापासून.

दादा इतका तयार झाला, की मला बघायला आलेल्या मंडळींना माझ्यापेक्षा तोच जास्त आवडायचा. लग्न काही झालं नाही. झाकायचं मात्र चालूच राहिलं, कारण एकदा झाकलेलं उघडायला निमित्त लागतं आणि ते शिंप्याच्या डोक्यात इस्त्री पडेपर्यंत मिळालं नाही.

कोर्टाने दादाला तपासायला डॉक्टर नेमला. दादाने त्याला "तुम्ही कसे आहात?" असं विचारलं. एवढ्या आस्थेने त्याला बहुधा घरीही कुणी विचारत नसावं, कारण तो आपल्या गुडघेदुखीबद्दल बराच वेळ बोलत बसला. अहवालात त्याने लिहिलं: बोलणं सुसंगत, वागणं अत्यंत सभ्य. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

मग साक्षी. छापखान्याचा मालक म्हणाला, असा सरळमार्गी कारागीर शोधून सापडणार नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, मुलगा म्हणजे सोनं, पायरीवर भेटला तरी तब्येत विचारतो. आमच्यावर माया करणारी झाडून सगळी माणसं आली, मनापासून बोलली आणि दादाला तुरुंगाच्या दाराशी नेऊन उभं केलं.

सरकारी वकिलांना फारसं काही करावं लागलंच नाही. ते म्हणाले, "प्लग काढला, म्हणजे आरोपीला परिणामांची जाणीव होती. माफी मागितली, म्हणजे आपण चूक केली हेही त्याला कळत होतं. वेडा माणूस माफी मागतो का हो?"

राहता राहिली आई. मी घरून तिला बजावून आणलं होतं: जे खरं तेच सांग, एकदाच सांग, मोठ्याने सांग. ती मान हलवत होती. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, समोर चार अनोळखी माणसं बसलेली बघितली आणि तिने पदर नीट केला. आई पाहुण्यांसमोर जायच्या आधी असाच पदर नीट करायची.

"मुलाला कधी डॉक्टरकडे नेलंत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही."

"का नाही नेलं?"

"तसं काही नव्हतंच," आई म्हणाली. "थोडा हळवा आहे. घरी सगळे मजेत."

सगळं संपलं. मला आईचा इतका राग आला, की भर कोर्टात तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. दादा मात्र आरोपीच्या जागेवरून तिच्याकडे कौतुकाने बघत होता. आईने एकही चूक केली नव्हती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मी बोलू का?" आवाज जरा मोठा होता. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही.

शिंपी उभा राहिला होता. न्यायाधीश बाईंनी त्याला आठवण करून दिली, की त्याची साक्ष आधीच झालेली आहे.

"झाली, पण मला फक्त मारलं कुणी आणि कशाने, एवढंच विचारलं. का, ते कुणी विचारलंच नाही."

बाईंनी त्याला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं.

"आमच्यामध्ये एक भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची," शिंपी म्हणाला. "तिच्यापलीकडे यांची आतली खोली. हा मुलगा वर्षानुवर्षं तिथे रडतोय. माझ्या मशीनला विनवण्या करायचा, 'माझे विचार शिवू नका.' मी दुपारचं काम बंद करून पाहिलं. मग म्हणायचा, आता गुपचूप हाताने शिवतात. आणि ती माफी! ती याची नाही बाई, ती या माउलीची आहे. रोज संध्याकाळी घोकून घ्यायची. मलासुद्धा पाठ झालीय." आणि त्याने चारही वाक्यं जशीच्या तशी, आईच्या चालीत म्हणून दाखवली.

आरोपीच्या जागेवर दादाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. ते न्यायाधीश बाईंनी पाहिलं.

"मी यांच्या दारात गेलो होतो," शिंपी आईकडे बघत म्हणाला. "म्हटलं, वहिनी, पोराला कुणाला तरी दाखवा. तर मला म्हणाल्या, मास्तर, तुम्ही आपली कापडं बघा."

आईने मान खाली घातली. जगापासून झाकलेलं सगळं एकाच माणसाला ठाऊक होतं आणि आम्ही बोलणं टाकलं होतं ते त्याच्याशीच.

त्याच्या बोलण्यावरून दुसरे डॉक्टर नेमले गेले. त्यांनी दादाची भेट इस्पितळाच्या शिवणखोलीशेजारी ठेवली. पलीकडे मशीन सुरू झाल्यावर चार वाक्यं काही पुरली नाहीत. दादा तुरुंगाऐवजी इस्पितळात गेला.

समोरच्या काकूंना आईने सांगितलं, त्याला बाहेरगावी मोठं काम मिळालंय. मीही मान डोलावली. माणूस एका खटल्यात किती बदलणार?

काही महिन्यांनी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. दादा खुर्चीत ताठ बसला होता, भांग पाडलेला. बाई खुशीत होत्या. "खूपच सुधारणा आहे. मोकळेपणाने बोलतात, आमची विचारपूस करतात. असंच राहिलं तर लवकरच घरी पाठवू."

"नमस्कार," दादा म्हणाला. "मी मजेत. तुम्ही कसे आहात?"

मी आईकडे पाहिलं. घरातल्या त्याच्या अंथरुणाची चादर ती दर आठवड्याला धुऊन पुन्हा घालायची. गप्प राहिली असती, तर मुलगा घरी येणार होता. तिचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला.

"डॉक्टर," आई म्हणाली, "हे मी शिकवलेलं आहे. तो बरा झालेला नाही."

आईने खुर्ची ओढून दादासमोर घेतली आणि त्याचे दोन्ही हात हातात धरले.

"बाळा, ही आतली खोली आहे," ती म्हणाली. "बोल."

दादाने एकदा दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं, बाहेर माणसं येत-जात होती. आईने ते लावायला सांगितलं नाही. मग तो बोलायला लागला.