तीन बोटं उत्तरेला

आमच्या कुंभकोणमला नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. तो घरोघर असतो. पण पायऱ्यांखाली, लाल जमिनीवर, नकाशासारखा घडवलेला मातीचा हिंदुस्थान फक्त आमच्याकडे असे. माझे वडील सुधींद्रराव, म्हणजे अप्पा, शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी तो स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराकडून करवून घेतला होता. शेजारच्या अलमेलू मामी देव समजून त्यालाही कुंकू लावायच्या आणि अप्पा खुशाल लावू द्यायचे.

आपला देश ज्या खडकाच्या तबकावर बसलाय ते वर्षाला साधारण तीन बोटं उत्तरेकडे सरकतं, आशियाला रेटतं, म्हणून हिमालय उभा राहिला आणि अजून वाढतोय, असं अप्पा सांगत. नुसतं सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. दरवर्षी कोलू मांडून झाला की ते जमिनीवर तीन बोटं टेकवत, तेवढाच हिंदुस्थान पुढे सरकवत आणि खिळ्यानं रेघ ओढत. जमिनीची नासाडी केली म्हणून अम्मा कुरकुरायची आणि पुढच्या वर्षी स्वतःच खिळा शोधून द्यायची. माझ्या लग्नाची रेघ कुठली, धाकट्या भावाच्या, मुरलीच्या, नोकरीची कुठली, आम्हाला तोंडपाठ होतं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग २००४ चा डिसेंबर आला. अम्मा नागपट्टणमला मावशीकडे गेली होती, पौर्णिमेच्या समुद्रस्नानाला. त्या रविवारी सकाळी इथे फळीवरची भांडी किणकिणली. जन्मभर फळ्यावर काढलेला भूकंप पहिल्यांदा पायांना लागला, म्हणून अप्पा हरखून गल्लीभर सांगत सुटले. तिकडे सुमात्र्याजवळ तेच तबक शेजारच्या तबकाखाली शिरताना शेकडो वर्षं अडकून बसलं होतं, ते सुटलं होतं आणि समुद्राचा तळ उचलला गेला होता. लाट आमच्या किनाऱ्याला पोचायला दोनेक तास लागले. अम्मा दुसऱ्या दिवशी सापडली.

पुढे कोलू मी मांडू लागले, पण हिंदुस्थान शेवटच्या रेघेवरच राहिला. कोणी त्याला हात लावला की अप्पा उठून आत जात. मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण इथे इतकी वर्षं तोंड दाबून बसले.

यंदा मुरली अप्पांना चेन्नईला नेणार, म्हणजे ह्या घरातला हा शेवटचा कोलू. मनातली गाठ तशीच घेऊन ते इथून जाणार, हे मला सहन होईना. दिवा लावून झाल्यावर मी त्यांच्यादेखत बसकण मारली, तीन बोटं टेकवली आणि हिंदुस्थान पुढे ढकलला. अप्पा उठले. आता आत जातील असं वाटलं, पण भिंतीला धरत धरत ते माझ्याजवळ खाली बसले.

“तेव्हढं पुरत नाहीं,” ते आमच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले. “मध्यें किती वर्षें गेलीं.”

त्यांनी हिंदुस्थान पुन्हा जुन्या रेघेवर आणला. पुढे तीन बोटं टेकवली आणि कितीतरी वेळ उचलली नाहीत.

“भांडीं वाजलीं तेव्हां मज कळालं, हें समुद्रांतलं म्हणून. तुझ्या मावशीच्या घरीं फोन होता. मी केलों नाहीं. मज आनंद झाला होता.”

त्या दिवशी ह्या किनाऱ्यावर लाट कोणाच्याच ध्यानीमनी नव्हती, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं म्हणून हलवली असं मला वाटलं नाही.

मग बोटं उचलून त्यांनी पुढे ठेवली. मुरलीला मुलगी झाली, हरिणी, ते हळूच म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते. पुढची तीन बोटं. अलमेलू गेल्या. पुढची. सुप्रजाला, म्हणजे मला, साखर लागली, ऐकत नाही, गोड खाते. कावेरी आटली. कावेरी भरून आली. एकेक वर्ष ते अम्माला सांगत गेले आणि मी हिंदुस्थान सरकवत गेले. मी रडत होते, डोळे पुसायलाही थांबले नाही.

यंदाच्या वर्षापाशी आल्यावर त्यांनी दम खाल्ला. जमिनीवर आख्खा तळहात ठेवला.

“आतां मज चेन्नईस नेतात,” ते तिला म्हणाले. “तूं ये संगें.”