ळची वही

वहीचा नियम अर्पितानेच केला होता. लेकीच्या, तृप्तीच्या तोंडून 'ळ'चा सारखा 'ल' व्हायचा, म्हणून ज्यांच्या शेवटी ळ येतो असे दोनअक्षरी शब्द गोळा करायचा खेळ तिने सुट्टीत काढला. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पण अर्थ नुसता पाठ करून चालायचं नाही. आधी बघायचं, मगच लिहायचं. बी.एड.ला असताना तिने असाच पाठ घेतला होता आणि बाईंनी वर्गासमोर शाबासकी दिली होती.

नळ, फळ, मळ दोन दिवसांत संपले. मग पोरगी आजोबांच्या मागे लागली. अप्पारावांकडे शब्दांना तोटा नव्हता. त्यांनी मैद्याची खळ शिजवून तिच्याकडून पतंगाला कागद डकवून घेतला. ओढ्यापलीकडची, पाण्याने कापलेली घळ दाखवून आणली. पळ कसा दाखवणार, असं तृप्तीने विचारलं तेव्हा तिचा हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला.

"सहा दम मोज. झाला एक पळ. घड्याळं कुठं आल्ती तवा?"

अर्पिताला कौतुक वाटलं, आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा भीतीही. 'कळ'समोर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'लय दुखतं आणि खांद्यापर्यंत जातं.' तृप्तीच्या करंगळीचं नख निळं पडलं होतं.

"हे काय झालं गं?"

"दारात धरली होती. बघायला."

सहा वर्षांच्या पोरीने हे इतकं साधं सांगितलं की अर्पिता उठून तडक ओसरीवर गेली.

"मामा, तिला असले शब्द नका देऊ आता," ती सासऱ्यांना म्हणाली.

"म्या काय इंगळी दिली का तिच्या हातात? शब्द दिला." अप्पाराव तंबाखू मळत हसले. "तूच म्हणून राह्यली ना, बघितल्याबिगर लिहू नको. मंग? लेकरू बराबर ऐकून राह्यलंय तुझं."

पुढचा शब्द 'वळ' होता. छडी बसली की अंगावर उठतो तो, असं आजोबांनी सांगून ठेवलं होतं. तृप्ती हात पुढे करून आईसमोर उभी राहिली.

"मम्मी, एक मार ना. हळू मार."

"या घरात कुणाच्या अंगावर वळ उठत नाही. ती जागा रिकामी राहू दे."

तृप्तीने वाद घातला नाही. ती नुसती त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. हा खेळच बंद, असं अर्पिताच्या ओठांवर आलं होतं. पण आपणच शिकवायचं आणि आपणच खोडायचं, हे तिच्या जिवावर आलं.

त्या आठवड्यात मळ्यातली विहीर खोल करायचं काम चालू होतं. ते काम घेतलेला नदीम आणि त्याचे दोन गडी सकाळी खडकात भोकं पाडून सुरुंग भरत. मग वाटेवर लाल फडकं रोवत, आणि ठीक बाराला बांधाआडून बार उडवत.

बुधवारी लवकर जेवायला बसलेले अप्पाराव सहज बोलून गेले, "पाणी पार उपसलंय. सत्तरीला आलो म्या, पर या विहिरीचा तळ आजच बघितला. आता बार उडला की त्यो बी न्हाई राहायचा."

अर्पिता भाकरी थापत होती. शेजारच्या ताटावरून तृप्ती कधी उठली, तिला कळलं नाही.

भाकरी तव्यावरून उतरवून तिने हाक मारली. उत्तर नाही. ओसरीवर वही उघडी पडली होती. नवा शब्द: तळ. समोरची जागा कोरी. बाराला नऊ मिनिटं कमी होती.

ती अनवाणीच पळाली. मळ्याच्या वाटेवर लाल फडकं फडफडत होतं आणि त्याच्या पलीकडे, धुळीत, लहान चपलांचे ठसे गेले होते. तिने काठीसकट फडकं उपटलं आणि बांधाच्या दिशेने दोन्ही हातांनी हलवत सुटली. ओरडली मात्र नाही. पोर शिडीवर असलं आणि दचकलं तर? बांधावरच्या बाभळीआडून नदीम उभा राहिला, त्याने बघितलं, झटकन खाली वाकला आणि मग दोन्ही हात वर करून दाखवले. बार उडवायच्या बॅटरीच्या तारा त्याने सोडवल्या होत्या.

काठावर पोटावर पडून तिने आत डोकावलं. लोखंडी शिडीच्या मधोमध तृप्ती. तिच्या खाली काळा ओला खडक, आणि त्यातल्या भोकांमधून वर आलेल्या पिवळ्या तारा.

"मम्मी, इथून नीट दिसत नाही. अजून खाली जाते."

"थांब." अर्पिताला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "दिसतो तेवढा पुरे. लिहिता येईल."

"नक्की?"

"नियम कुणी केलाय?"

तृप्तीने जरा विचार केला आणि एक पाय वरच्या पायरीवर ठेवला. अर्पिता श्वास मोजू लागली. सहा. पुन्हा सहा. चौथा पळ संपता संपता केस दिसले, मग हात. तिने मनगट असं आवळलं की शिडी निसटली असती तरी ते सुटलं नसतं.

नदीम धापा टाकत आला. "वहिनी, अर्ध्या घंट्यापूर्वी मी खुद आत बघितलं. कोणी नव्हतं." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "बिलकुल कोणी नव्हतं."

मायलेकी घरी पोचल्यावर, बऱ्याच वेळाने, मळ्यात बार उडाला. फळीवरची भांडी थरथरली. अप्पाराव ओसरीवर बसून होते. हातातला तंबाखू तसाच होता.

तृप्तीने वही जवळ ओढली. 'तळ'समोर लिहिलं, 'काळा असतो. तारा असतात.' मग आपलं मनगट उजेडात धरलं. चार बोटं आणि एक अंगठा, लाल, फुगून वर आलेले.

"मम्मी, वळ." ती खूश झाली होती. "बघितला. आता लिहू?"

अर्पिताने वही तिच्यापुढून काढून घेतली आणि छातीशी धरली. पोरगी रडेल, हिसकावेल, असं तिला वाटलं. तृप्तीने नुसती पेन्सिल खाली ठेवली आणि ती आजोबांकडे सरकली.

"वही नको. माझ्या लक्षात राहतं," ती म्हणाली. "आबा, अजून कुठले राह्यले?"