पुलावरचा पहारेकरी

आई गेल्यापासून बाबांचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘पंखा बंद कर’ एवढ्यावर आलं होतं. शेवटी सुनेनेच तोडगा काढला. “तुझा तो गोष्टीचा खेळ रविवारी बाबांना घेऊन खेळू. निदान तोंड तरी उघडतील.”

नवरा हरखला. कॉलेजात तो या खेळाचा सूत्रधार असायचा. सूत्रधाराने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन ते काय करतं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. हल्ली तो बस कंपनीत वेळापत्रकं आखायचा. तिथे त्याच्या लेखी प्रवासी म्हणजे गाडीला उशीर करणारी वस्तू.

पहिलं साहस, म्हणजे खेळायच्या गोष्टीचं पुस्तक, घ्यायला तो दुकानात गेला. दुकानदाराने पातळशी पुस्तिका पुढे केली. गावातली हरवलेली शेळी शोधायची, बस्स.

“नवखी माणसं रेंगाळतात,” दुकानदार म्हणाला. “हिच्यात रेंगाळायला जागा आहे.”

“वडिलांना या वयात शेळी शोधायला लावू?” असं म्हणून त्याने उशीएवढं जाडजूड पुस्तक उचललं. सात मजली तळघर, प्रत्येक मजल्यावर नवा राक्षस. वडिलांचा मान हे निमित्त. आपण किती पाण्यात आहोत ते घरच्यांना दिसावं, हे खरं कारण. ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी टेबलाभोवती सगळे बसले. बायको जादूगारीण झाली, धाकटी बहीण चोर.

“हिला वेगळं शिकवायला नको,” बायको म्हणाली.

“वहिनी, तुमच्या कपाटातून सुरुवात करते.”

“बाबा, तुम्ही म्हातारे योद्धे.”

“म्हातारा आहेच. पुढचं तू बघ.”

गोष्ट सुरू झाली. तळघराच्या वाटेवर एक पूल, पुलावर पहारेकरी. पुस्तकात त्याच्या वाट्याला एकच वाक्य होतं. सूत्रधाराने ते घोगऱ्या आवाजात म्हटलं, “पलीकडे जाऊ नका, तळघर जागं झालंय.” आणि पान उलटलं.

“थांब,” बाबा म्हणाले. “हा इथे एकटाच?”

“हो.”

“तू नको सांगूस. त्याला बोलू दे. काय हो, रात्रपाळीला बदली कोण येतं?”

बाबांची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळ्या करण्यात गेली होती.

“कोणी नाही,” पहारेकरी म्हणाला.

“कोणी नाही कसं? मग झोपता कधी? घरी कोण असतं?”

“बायको.”

“जागी राहते?”

“राहते.”

“आमची पण राहायची,” बाबा म्हणाले. “सांगून थकलो, की झोप गं. ऐकेल तर शपथ.”

बहिणीने हातातला फासा हळूच खाली ठेवला. सूत्रधाराने घड्याळ पाहिलं. हिशेबाने एव्हाना पहिला मजला उरकायला हवा होता. टेबलाखालून बायकोने पाय दाबला. त्याने अर्थ काढला, आटप.

“तेवढ्यात झाडीतून बाण आला,” तो म्हणाला, “आणि पहारेकरी मेला. चला, पूल मोकळा झाला.”



“आत्ता बोलत होता की,” बाबा म्हणाले.

“अहो बाबा, तो काही महत्त्वाचा नव्हता. पुस्तकात त्याला नावसुद्धा नाही.”

हे बोलून झाल्यावर ते त्याच्याच कानांनी ऐकलं. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. बघून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

“बाण चुकला असं धरू या,” तो म्हणाला. “म्हणजे… मी सूत्रधार आहे, मला तसं करता येतं.”

“नको. गेला तो गेला.” बाबांनी चष्मा पुसला. तो पुन्हा डोळ्यांवर चढायला बराच वेळ लागला. “त्याचं घर कुठे आहे?”

त्याने पानं चाळली. सातही मजल्यांचे नकाशे होते, सापळे होते, राक्षसांचे दात मोजलेले होते. घर नव्हतं.

“गावात असेल,” बायको म्हणाली.

“मग आधी तिकडे. तिला कोणीतरी सांगायला हवं ना.”

“बाबा, मी येते बरोबर,” बहीण म्हणाली.

“ये. पण बोलेन मी.” बाबांनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केली आणि वाट पाहिली. तिघंही सूत्रधाराकडे बघू लागली. आता पहारेकऱ्याची बायको त्यालाच व्हावं लागणार होतं.

“कोण?” तो म्हणाला.

“बाई,” बाबा म्हणाले, “जरा बसून घ्या.”

तो बसलेलाच होता. तरी मान खाली घालून त्याने खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुन्हा बसला.