डावीकडून तिसरा

माझ्या सुनेचं यंत्र दीड तासात दात करून देतं. सकाळी गाल धरून आलेला माणूस दुपारी नवा दात लावून जेवायला बसतो. मला एका दाताला तीन दिवस लागायचे आणि ते कुणाला जास्त वाटत नसत. उलट लोक म्हणायचे, दात आहे तो, घाईत थोडाच होणार!

दवाखाना तोच आहे. ह्यांनी तो थाटला तेव्हा मागची खोली कारागिराची होती. माझ्या लग्नाला सहा महिने झाले असतील, तो कारागीर एक दिवस भांडून निघून गेला आणि चार पेशंट अर्ध्या तोंडाने घरी बसले. हे म्हणाले, "तुझा हात भरतकामात चांगला आहे ना? मग मेण कोरून बघ." एवढ्या एका वाक्यावर माझी चाळीस वर्षं गेली. प्लास्टरचा साचा, त्यावर मेणाचा दात, स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेली बारीक सुरी. मग पोर्सेलीनची भुकटी पाण्यात कालवून ब्रशने थर द्यायचा, भट्टीत घालायचा, काढून बघायचा, पुन्हा थर. तिसऱ्या दिवशी हे तो दात चिमटीत धरून उजेडाकडे नेत, उलटसुलट करत आणि म्हणत, "बरा आहे." ह्यापेक्षा मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही, आणि तेवढ्यासाठी मी तिन्ही दिवस जीव टाकायचे.

हे गेले. मुलगा दातांचा डॉक्टर झाला, सूनही दातांचीच डॉक्टर मिळाली. दोन वर्षांपूर्वी यंत्र आलं आणि माझं कामाचं टेबल गच्चीत गेलं. त्यावर कुंड्या आहेत. "टेबल मजबूत आहे ना, आई, म्हणून," सून म्हणाली. मजबूत तर मीही आहे. माझ्यावर कुंडी ठेवता येत नाही, एवढंच.

यंत्र म्हणजे काचेचं दार असलेली एक पेटी, आणि वेगळी एक कांडी. सून ती कांडी पेशंटच्या तोंडात फिरवते आणि समोरच्या पडद्यावर त्याचे दात एकेक करून उगवत जातात. पेशंट "अय्या!" म्हणतात. आमच्या वेळी साच्यासाठी लगद्याने भरलेला पत्र्याचा ट्रे तोंडात कोंबावा लागे. "नाकाने श्वास घ्या, पायाची बोटं हलवा, झालंच हं," असं मी समजावत राहायचे. तेव्हा अय्या कुणी म्हटलं नाही. ओकारी तेवढी काढली.

मग सून पडद्यावर दाताला इथे फुगवते, तिथे दाबते, बटण दाबते. पेटीत पाण्याचे फवारे उडतात, दोन बारीक सुया हव्या त्या रंगाच्या पोर्सेलीनच्या एका चौकोनी तुकड्याला पेन्सिलीसारखं टोक काढू लागतात आणि त्यातून दात बाहेर येतो. मी त्या काचेसमोरून मुद्दाम जायचे. खोटं कशाला सांगू, जळायचे. मनात म्हणायचे, आज तरी अडक. एकदा ते खरंच अडकलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

एक काम मात्र माझ्याकडे उरलं होतं. शेड. म्हणजे नव्या दाताचा रंग शेजारच्या दातांशी जुळवायचा. त्यासाठी एक पट्टी असते, तिच्यात सोळा नमुन्याचे दात ओळीने खोचलेले, प्रत्येकाच्या दांडीवर अक्षर आणि आकडा. पेशंटला खिडकीशी न्यायचं, ओठांचा रंग पुसायला लावायचा, नमुना दाताशेजारी धरायचा आणि पाच सेकंद बघायचं. पाचाच्या वर नाही, डोळा फसतो. मग निळ्या कापडाकडे बघून डोळा धुऊन घ्यायचा आणि पुन्हा पाच सेकंद. ते निळं कापड अजून माझ्या कमरेला असतं.

"शेड आई बघेल," मुलगा प्रत्येक पेशंटला सांगायचा. मी हातातलं काम टाकून, पदर सावरत, सावकाश यायचे. सावकाश मुद्दाम. सून बाजूला सरकायची. तेवढे पाच सेकंद ती खिडकी माझी असायची.

गेल्या वर्षापासून मात्र खिडकीतून येणारा उजेड मला पिवळट वाटू लागला होता. मी कामाच्या बाईला काचा धुवायला लावायचे. तिने शेवटी विचारलं, "आजी, ह्या काचांनी काय पाप केलंय?"

आणि अशात एक दिवस वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची बहीण. माझ्याहून वर्षानेच मोठ्या, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करतात आणि मी त्यांना अहो-जाहो. त्यांचे दात म्हणजे अख्ख्या घराचं कौतुक होतं. माझे दात एकावर एक चढलेले, म्हणून फोटोत मी ओठ मिटून आणि त्या दात काढून. चौतीस वर्षांपूर्वी पाय घसरून त्यांचा पुढचा दात अर्धा गेला, तेव्हा त्यावरची टोपी मी केली होती. ती टोपी आता फुटली.

"दोरा तोडत होते," वन्सं म्हणाल्या. पुढच्या फटीतून त्यांचा 'त' शिट्टीसारखा निघत होता.

"दाताने? वन्सं, मी तेव्हाच सांगितलं होतं ना, कात्री वापरा म्हणून."

"चौतीस वर्षं तोडला तेव्हा काही झालं नाही. म्हणजे तुझंच काम कच्चं, वहिनी."

सून हसली. मला ते हसणं टोचलं.

कांडी फिरली, पडद्यावर दात उगवले आणि वन्सं पण "अय्या" म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "मग वहिनी, तू काय करतेस आता इथे? नुसती खुर्ची राखतेस?"

"शेड मीच बघते अजून," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.

"बघ बाई नीट. नाहीतर माझ्या तोंडात तुझा राग दिसत राहायचा."

मी त्यांना खिडकीशी नेलं. हनुवटी धरून तोंड वर केलं. पाच सेकंद बघितलं, निळ्या कापडाकडे बघितलं, पुन्हा बघितलं. खरं सांगायचं तर सगळे दात मला सारखेच दिसत होते, चहात बुडवून काढल्यासारखे. पट्टीवरचे सोळाही तसेच. पण आमच्या वयाच्या माणसाला काय लागतं ते मला पाठ होतं. डावीकडून तिसरा. मी तो उपसून त्यांच्या ओठाशी धरला, मान हलवली आणि सुनेकडे दिला. "हा."

सुनेने दांडीवरचा आकडा बघितला. एक क्षण, मेणाचा थेंब पडायला लागतो तेवढाच, ती थांबली.

"बरोबर, आई," ती म्हणाली आणि आत गेली.

वन्सं बाहेर मासिक चाळत बसल्या. मुलगा दुसऱ्या पेशंटच्या दाढेत गुंतला होता, सून यंत्राचं बटण दाबून त्याच्या मदतीला गेली. मी नमुना पट्टीत परत खोचायला घेतला आणि सवयीने दांडीवरून नख फिरवलं. चाळीस वर्षं ती अक्षरं माझ्या नखाला ठाऊक आहेत. 'ए'चं टोक लागायला हवं होतं. लागला 'बी'चा फुगीरपणा. बी दोन. वीस वर्षांच्या पोरीच्या तोंडातला रंग! मी बाकीचे चाचपले. जंतू मारायला उकळत्या पाण्यात घालून काढल्यावर कुणीतरी सगळे नमुने अक्षरांप्रमाणे न लावता उजळापासून गडदाकडे लावले होते. पट्टी बदलली होती आणि मला ते दिसलंही नव्हतं.

पहिला विचार काय आला असेल माझ्या मनात? की हिने हे मुद्दाम केलं. हिला कळलं, तरी "बरोबर, आई" म्हणाली. आता वन्संच्या तोंडात पांढराशुभ्र दात बसेल, सगळा गोतावळा विचारेल, हा रंग कुणी बघितला? आणि माझी ती शेवटची खिडकीही जाईल. कसली गोड बोलून काटा काढणारी पोर!

आत यंत्र चालू झाल्याचा आवाज येत होता. म्हणजे थांबवायचं तर आत्ताच. पण काय म्हणून थांबवू? मला दिसत नाही, म्हणून? बाहेर वन्सं बसलेल्या असताना?

मी आत, मागच्या खोलीत गेले. काचेआड फवारे उडत होते. टेबलावर त्या चौकोनी तुकड्याचं रिकामं खोकं पडलं होतं. माझं कोरीवकामाचं जुनं भिंग अजून त्या खोलीत खिळ्याला लटकतं, ते मी डोळ्याला लावलं. खोक्यावर आकडा होता ए तीन. अगदी जो हवा तोच. शेजारी वन्संचं कार्ड. त्यावर सुनेच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: "शेड ए तीन. आईंनी पाहिली."

मी कार्डांचा खण ओढला. एकामागून एक कार्डं काढली. ए दोन, आईंनी पाहिली. सी दोन, आईंनी पाहिली. ए एक, आईंनी पाहिली. वर्षभराची कार्डं, प्रत्येकावर वेगळा आकडा. आणि मला पक्कं आठवत होतं, वर्षभर मी म्हाताऱ्याला, तरण्याला, चहावाल्याला, मास्तरणीला, सगळ्यांना एकच सांगत आले होते. डावीकडून तिसरा.

खणाच्या कोपऱ्यात फाउंटन पेनाएवढं एक उपकरण होतं. दाताला टेकवलं की रंगाचा आकडा सांगणारं. ते अजून घ्यायचंय, असं मला सांगितलं होतं. त्याच्या बटणावरची खूण वापरून वापरून पुसट झाली होती.

मी स्टुलावर बसले. वाटलं होतं, लाज वाटेल. लाज नंतर वाटली. आधी आला तो रागच. माझं काम हिने घेतलं, खोली घेतली, आता चांगुलपणातही ही माझ्या पुढे गेली! निदान तेवढं तरी ठेवायचं होतं माझ्यासाठी.

दीड तासाने दात बसला. वन्संनी आरसा घेतला, ओठ वर केले, खाली केले, डावीकडून, उजवीकडून. मग आरसा मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वहिनी, मानलं तुला. यंत्र कितीही येऊ दे, नजर ती नजर."

"आईंची नजर आहेच तशी," सून म्हणाली. अगदी सहज म्हणाली, कापसाच्या बोळ्याने वन्संचा ओठ पुसता पुसता. मुलाने मानही वर केली नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मी गप्प बसू शकले असते. एवढ्या वर्षांत वन्संनी मला मानलं असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. ते शब्द पदराला बांधून घरी न्यावेत असं फार वाटलं.

"वन्सं," मी म्हटलं, "मला दिसत नाही. वर्ष झालं. रंग हिने बघितलाय."

सुनेचा हात थांबला.

वन्संनी मांडीवरचा आरसा बाजूला ठेवला. "तरीच," त्या म्हणाल्या. "मघाशी खिडकीत तू दात बघायच्या ऐवजी माझ्या नाकाकडे टक लावून बसली होतीस. म्हटलं, हिचा जुना राग नाकावर आलाय की काय!"

"आई..." सून म्हणाली.

"तू बोलू नकोस," मी म्हटलं. "वर्षभर खोटं लिहिलंस. तुझे सासरे असते तर कान पिळला असता."

"तुमचा की माझा?" तिने विचारलं, आणि वन्सं नवा दात दाखवत मोठ्याने हसल्या.

पुढच्या आठवड्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. म्हणजे यंत्राने घडवलेला एकेक तुकडा आता माझ्यातही बसवलेला आहे, हे सुनेने सांगायची गरज नव्हती. तिने ते दोनदा सांगितलं. घरी आले तर समोरच्या दुकानाची पाटी पांढरी निघाली. मी वर्षभर तिला क्रीम कलरची म्हणत होते. काचा धुणाऱ्या बाईची मी माफी मागितली.

वन्सं भेटायला आल्या. मी त्यांना चहासुद्धा न विचारता दवाखान्याच्या खिडकीशी नेलं आणि हनुवटी धरली. "वहिनी, अगं, आधी बसू तरी दे," त्या म्हणत होत्या. पाच सेकंद. निळं कापड. पाच सेकंद. पुन्हा. वरचे चारही दात ओळीने उभे होते. कडेला तोच पातळ दुधी पारदर्शकपणा, मुळाशी तीच किंचित पिवळसर छटा, वयाने पडते ती बारीक रेघसुद्धा. त्यातला तिने केलेला कोणता, ते मला शोधून सापडेना. मला! ज्या दातावर मी स्वतः टोपी घातली होती, त्याची जागा मला बोटाने मोजून काढावी लागली.

मग जी आग झाली, काय सांगू. दोन वर्षं जळत होते ते नुसत्या धुराने. ही खरी आग होती, चांगलं काम बघितल्यावर होते ती, तरुणपणी दुसऱ्या कारागिराचा दात बघून व्हायची तशी. किती वर्षांनी झाली.

सून दारात उभी होती. हात पुसत होती, पण हात कोरडेच होते.

मी वन्संची हनुवटी सोडली. खिडकीतून बाहेर बघितलं, मग तिच्याकडे.

"बरा आहे," मी म्हटलं.