तिच्या उंचीचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबच्या तळमजल्यावर मला टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलं आहे. समोर मोठा पडदा आणि माझ्या डोक्यावर अंगठ्याने फिरवायचं एक बटण. मला मागे ओढलं की पडद्यावरच्या विमानाचं नाक वर जातं, पुढे ढकललं की खाली. बटण फिरवलं की बसल्या जागी डावी-उजवी बाजू दिसते. मला माझं काम येतं, हे मी छाती नसली तरी छाती ठोकून सांगते.

कारखान्यातून आले तेव्हा माझी स्प्रिंग कडक होती. हात सोडला की टुणकन मधोमध उभी राहायचे. काय थाट होता माझा! पुढे स्प्रिंग सैल झाली आणि मी डावीकडे कलू लागले. मग सगळे "म्हातारी ओढते" म्हणत नाकं मुरडू लागले. विमान धड उतरलं की कौतुक यांचं, आपटलं की दोष माझा! मला राग यायचा.

अशातच रुग्णवाहिका चालवणारी एक ताई शिकायला आली. ती बुटकी होती. उतरताना तिला विमानाच्या नाकापलीकडची धावपट्टी दिसतच नसे; आपली उंची कमी म्हणूनच, असं तिला वाटायचं. ती दिसावी म्हणून ताई मला पुढे ढकलायची, वेग वाढायचा आणि विमान चेंडूसारखं उसळायचं. क्लबच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली तर खऱ्या विमानात बसणं कायमचं राहून जाणार होतं.

एक दिवस ती गाडीतली गादी घेऊन आली आणि खुर्चीवर ठेवून ऐटीत बसली. पडद्यावर काडीचाही फरक पडला नाही.

"ताई, गादी तुमच्याखाली कशाला? कॅमेऱ्याखाली ठेवा," शिकवणारे मास्तर हसत म्हणाले.

"पण कॅमेरा आहे कुठे?"

"वैमानिकाचे डोळे जिथे असतात, त्या जागेला हे यंत्र कॅमेरा म्हणतं. तो वर घ्या."

तिने सेटिंगचं पान उघडून कॅमेरा हळूहळू वर नेला. धावपट्टीची अलीकडची कड दिसली तसा तिचा चेहरा उजळला. मग ती माझ्याकडे वळली. "ही बिचारी किती कलते ते बघू," म्हणत तिने मला मोकळं सोडलं. तेवढी हालचाल विमानाने मनावर घ्यायची नाही, असं तिने यंत्राला बजावून ठेवलं. इतक्या वर्षांत मला शिव्या न देता सांभाळून घेणारी ती पहिलीच. मला भरून आलं.

परीक्षेच्या सकाळी तिच्याआधी दातांचे एक उंच डॉक्टर सरावाला बसले होते. उठताना त्यांनी सगळ्या सेटिंग पुसून टाकल्या. ताई येऊन बसली, तर पडद्यावर नुसते विमानातल्या वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्यांचे काटे! धावपट्टी गायब, आणि माझ्या कलण्याने विमान पुन्हा डावीकडे.

"अहो, मी तर सगळं नीटनेटकं करून ठेवलं होतं," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

मास्तर उठू लागले. "तुम्ही बसा," परीक्षक बाई म्हणाल्या. "मॅडम, तयारीला पाच मिनिटं आहेत."

तिच्या तळव्याला घाम आला होता, तो मला कळला. पण तिने हात पुसला आणि कामाला लागली. कॅमेरा वर, धावपट्टी दिसेपर्यंत. मग माझं कलणं मोजलं, बटणाची डावी-उजवी बाजू तपासली, शेवटी मला चारही दिशांना एकदा फिरवून पाहिलं.

"चला," ती म्हणाली.

पहिल्यांदा विमान जरासं उसळलं, दुसऱ्यांदा सरळ उतरलं. तिसऱ्यांदा चाकं इतकी अलगद टेकली की मास्तरांनी "टेकली का?" असं विचारलं. परीक्षक बाईंनी कागदावर सही केली. "सोमवारी खऱ्या विमानापाशी या," त्या म्हणाल्या. ताई माझ्यावरचा हात काढायलाच विसरली होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या खोडी समजून घ्या, आम्ही अजून खूप काम देऊ. आणि उठताना आपल्या सेटिंग आपल्या नावाने जतन करा, दुसऱ्याच्या पुसू नका. ताईला पाच मिनिटं मिळाली आणि तिला ते काम येत होतं. तुमच्यानंतर बसणाऱ्याला येत असेलच असं नाही.